चिंचेने घासलेला डॉलर

मुलुंडच्या आमच्या चाळीत शेजारी एक कारकून राहत. त्यांच्याकडे अमेरिकेचा जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा चांदीचा डॉलर होता, मोकळ्या केसांच्या बाईचा चेहरा असलेला. ते तो कडेनेच धरत. मी बोट पुढे केलं की म्हणत, "हात नका लावू हो, घामाने चेहरा जातो." वरचा काळपट थर हीच त्याची खरी किंमत, हे त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. घरात कधी सांगितलं नसावं.

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, ऑपरेशनसाठी त्यांनी तो विकायला काढला. आदल्या दिवशी धनत्रयोदशी होती. वहिनींनी अंथरुणात बसूनच पूजेच्या चांदीबरोबर डॉलरही चिंचेने घासून लखलखीत केला. फोर्टातल्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने तो नुसत्या चांदीच्या भावात मागितला. ते डॉलर न विकता तसेच परत आले.

"घेतला का हो त्यांनी?" वहिनींनी विचारलं.

"लगेच. चकचकीत होता ना. पैसे पुढच्या आठवड्यात देतायत."

वहिनींना तो आठवडा मिळाला नाही.

त्यानंतर दर धनत्रयोदशीला ते स्वतः डॉलर चिंचेने घासत बसत. गेल्या दिवाळीत त्यांनी तो आपणहून माझ्या तळहातावर ठेवला. बाईला चेहरा राहिला नव्हता.