मेलमधली चोरवाट

बावीस वर्षं कुवेतमध्ये नेटवर्क सांभाळून ताहेरभाई पनवेलला परतले आणि कळंबोलीच्या एका माल वाहतूक कंपनीत लागले. चाळीस जणांची मेल आणि इंटरनेट त्यांच्या एकट्याच्या अंगावर. कुणी पासवर्ड स्क्रीनवर चिकटवून ठेवी, कुणी बक्षिसाच्या मेलवर बिनधास्त क्लिक करी. संशय घेणं हा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता. बायकोने, शाजियाने, फोटो पाठवला तरी ते आधी फोन करून विचारत, "तूच पाठवलास ना?"

जानेवारीत कंपनीची लागोपाठ तीन टेंडरं हुकली. तिन्ही एकाच कंपनीने थोडक्या फरकाने पळवली. मालकीणबाई वसुंधरा मॅडमनी ताहेरभाईंना आपला मेलबॉक्स तपासायला सांगितला. सेटिंगमध्ये तळाशी एक रूल, म्हणजे मेलवर आपोआप चालणारी सूचना, सापडला. 'टेंडर' शब्द असलेल्या प्रत्येक मेलची कॉपी गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर जात होती. रूल टाकलेला एका रविवारी दुपारी, ऑफिसच्याच वायफायवरून. मॅडमची मेल बाहेरच्या नेटवरून उघडणार नाही, अशी सोय ताहेरभाईंनीच केली होती.

"रविवारी चावी कुणाकडे असते?" मॅडमनी विचारलं.

"काशिरामकडे."

काशिराम म्हणजे ऑफिसचा जुना शिपाई, उरणकडच्या मोऱ्याचा कोळी, रोज दुपारी ताहेरभाईंसोबत डबा खाणारा. ताहेरभाईंनी त्याच्याकडून चावी मागून घेतली. त्याने कारण विचारलं नाही. दोन दिवस ते त्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवून होते. काशिराम टेबल पुसायला आला की ते स्क्रीन बंद करत.

पण मन मानेना. ज्याला साधी मेल लिहिता येत नाही, तो असला रूल टाकेल कसा? तिसऱ्या दिवशी त्यांनी वायफायची त्या दुपारची नोंद ओळ न् ओळ वाचली. एकच लॅपटॉप जोडलेला होता, नाव 'वसु-घर'.

ते नाव ऐकून मॅडमचा चेहरा उतरला. "माझा जुना लॅपटॉप. भाच्याला दिलाय, सत्यजीतला."

"त्यातले मेलचे, वायफायचे पासवर्ड काढून दिला होता?"

"नाही. आपली टेंडरं पळवणाऱ्या त्याच कंपनीत आहे तो आता, ताहेरभाई."

खाली पार्किंगमध्येही वायफाय पोचत होतं. गाडीत बसून काम झालं होतं. मॅडमनी पोलिसांत तक्रार केली नाही. घरातल्या घरात काय झालं ते त्यांनाच ठाऊक. ताहेरभाईंनी रूल काढला, सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि चावी घेऊन काशिरामकडे गेले.

"घे, तुझ्याकडेच राहू दे."

काशिरामने हात पुढे केला नाही. "त्या रविवारी मी मोऱ्यालाच होतो. भाचीची हलद होती. इचारलं असतं तं सांगितलं असतं."

"चुकलंच माझं," ताहेरभाई म्हणाले.

"मॅडमचं मला काय नाय. पन तुमी?"

ताहेरभाई चावी तशीच पुढे धरून उभे राहिले. शेवटी काशिरामने चावी घेतली आणि खिडक्या लावायला निघून गेला.