खून आणि थप्पड

एका सरदाराच्या घराचं आता संग्रहालय झालंय. घर पाहून आम्ही दहाबारा जण तळमजल्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात आलो. वरच्या दालनात सख्ख्या भावाने सरदाराला कसं भोसकलं, हे गाइडने रंगवून सांगितलं होतं आणि आम्ही सगळे हळहळलो होतो.

दुकानात छोट्या पितळी कट्यारी होत्या. एका गृहस्थाने त्यातली एक उचलली. त्याची बायको हळूच म्हणाली, "अहो, नको ना घरात असलं काही."

त्याने वळून तिच्या कानाखाली अशी मारली की ती काचेच्या कपाटावर आदळली. ओठ फुटला. रक्त हनुवटीवरून साडीवर उतरलं.

कोणी हललं नाही. मी हातातलं पोस्टकार्ड वाचत राहिले. कुणाच्या कुठल्या जुन्या रक्तासाठी डोळे ओले करणं किती सोपं असतं! ते रक्त आपल्याकडे पाहत नाही.

दुकान सांभाळणाऱ्या साठीच्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी त्याच्या हातून कट्यार हिसकावली. "निघा बाहेर."

"आमचा घरातला मामला आहे," तो गुरगुरला.

"वरचा खूनही घरातलाच होता."

तो शिव्या देत बाहेर गेला. बाईंनी तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं. मी आता कुठे रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही. बाहेरून त्याने दोनदा हाक मारली. ती उठली नाही. पदराने ओठ दाबून तिने फोन लावला.

"दादा, मला न्यायला ये. आत्ताच ये."