टाकीच्या पाण्याची बातमी
मुलाच्या प्रकल्पासाठी बायकोने मैद्याची खळ शिजवली आणि त्या आंबूस वासासरशी मला धुळ्यातलं आमचं कॉलेज आठवलं. तिथल्या भित्तिपत्रकाचा मी संपादक होतो. पिंपळनेरकडच्या एका मुलीने वसतिगृहाच्या टाकीत अळ्या झाल्याची बातमी लिहिली होती. सकाळी मी ती फलकावर चिकटवली आणि तासाभरात प्राचार्यांच्या भीतीने ओली असतानाच सोलून काढली. कागदाची घडी खिशात घालत होतो, तेवढ्यात ती समोर आली. "भाऊ, बातमी खोटी शे का?" तिने अहिराणीत शांतपणे विचारलं. मी "नाही" म्हणालो. "मग?" ती म्हणाली. मी कागद उलगडून पुन्हा खळ लावली. वरचे कोपरे तिने धरले. प्राचार्य खूप रागावले, पण आठवड्याभरात टाकी धुतली गेली. पुढे मी जळगावला बँकेत लागलो, ती पत्रकार झाली. मागच्या महिन्यात तिच्या सत्काराला गेलो होतो. मंचावरून ती म्हणाली, "माझी पहिली बातमी आमच्या संपादकांनी स्वतःच्या हाताने लावली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी ती काढली कोणी होती, हे तिने सांगितलं नाही.