वच्छीची परीक्षा आणि पुढच्या सीटवरचा चिरूट

गेल्या वर्षीची गोष्ट, पण परवाच घडल्यासारखी वाटते... थंडी सरत आली होती आणि पुतणीला घेऊन मी पोलादपूरहून महाडला निघालो होतो. सकाळची पहिली सर्व्हिस मोटार.

पुतणी म्हणजे वच्छी, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, बसणारी आमच्या वाडीतली पहिलीच पोर. पास झाली तर मास्तरीण, नापास झाली तर वैशाखात लग्न... भावानं सरळ सांगून ठेवलं होतं.

आता माझ्याबद्दल. मी मुंबईला गोदीत बारा वर्षं काढली. तिथं एका बोटीवरच्या इंजिनवाल्यानं मला चिरुटाची गोडी लावली, ती कायमची. गावी परतलो तेव्हा कळलं की वच्छीला धूर सोसत नाही. चूल जरा धुमसली तरी छातीत घरघर सुरू...

त्या दिवसापासून घरात चिरूट बंद. जेवण झालं की लांब बांधावर जायचं, वारा कुठला ते बघून बसायचं, परतताना चूळ भरायची, सदरा बदलायचा. देवपूजेलाही कुणी एवढं सोवळं पाळत नाही, असं म्हणून वाडी हसायची. हसू दे.

तर त्या दिवशी धुकं दाट होतं, म्हणून मोटारीचे पडदे खाली सोडलेले. आत दहा-बारा माणसं दाटीनं बसलेली. पुढं ड्रायव्हरशेजारी वाईकडचे एक लाकडाचे कंत्राटदार होते, फेटा, लांब कोट. गाव मागं पडलं आणि त्यांनी चिरूट पेटवला.

वासावरूनच कळलं, माल उंची आहे. खरं सांगतो, क्षणभर मलाही बरं वाटलं... मग वच्छीकडे पाहिलं. पुस्तक मांडीवर मिटलेलं, खांदे वरखाली होत होते, ओठ पांढरे.

ड्रायव्हरला हळूच सांगून पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. ते त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक, त्यांना तो काय बोलणार? शेजारचा माणूस म्हणाला, चांगलं खडसावा. पण मी स्वतः ओढणारा... मला कुणी चारचौघांत खडसावलं असतं तर मी मुद्दाम दुसरा पेटवला असता.

मी पुढं वाकलो. "साहेब, चिरूट फार चांगला आहे. पण पुढून येणाऱ्या वाऱ्यानं एकाच अंगानं जळतोय. वाया जाईल."

ते खूष होऊन वळले. मीही ओढतो का, असं त्यांनी विचारलं.

"ओढतो. पण माणसांपासून लांब जाऊन," मी म्हणालो. "ही माझी पुतणी. परीक्षेला चाललीय. धुरानं तिचा श्वास कोंडतो. महाडला उतरल्यावर मी तुमच्यासोबत बसतो ओढायला."

त्यांनी वच्छीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं... मग त्यांनी ड्रायव्हरला मोटार थांबवायला सांगितली.

खाली उतरून ते चिरूट चिरडायला निघाले, तर मी माझी पत्र्याची डबी पुढं केली. चिरूट चिरडायचा नसतो, नुसता ठेवला की आपोआप विझतो. मग त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही बाजूंचे पडदे सोडवले आणि वर गुंडाळले. गार धुकं आत आलं, पण कुणी कुरकुरलं नाही. बाजाराला निघालेल्या एका म्हातारीनं आपली घोंगडी वच्छीभोवती लपेटली आणि तिला कडेला, मोकळ्या हवेत बसवलं.

महाड जवळ आलं तसा तिचा श्वास सुरळीत झाला. "काका, आता बरं हाय," म्हणाली आणि तिनं पुस्तक उघडलं.

पुढून कंत्राटदारांनी तिला त्रैराशिकाचं एक उदाहरण घातलं, त्यांच्याच लाकडाच्या ओंडक्यांचं. वच्छीनं तोंडीच उत्तर दिलं. त्यांना मात्र ते पडताळायला कागद-पेन्सिल काढावी लागली... आणि उत्तर बरोबर होतं. अख्खी मोटार हसली, सगळ्यात मोठ्यानं तेच.

वच्छी पास झाली. नुसती पास नाही, वरच्या नंबरात.

भावाला वाचता येत नाही, तरी निकालाचा कागद त्यानं वाडीभर फिरवला. वैशाखातल्या लग्नाचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. महाडला ठरल्याप्रमाणे सोबत बसून चिरूट ओढला, पण त्या कंत्राटदारांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं... जिथं असतील तिथं सुखी असोत.

वच्छी आता वरंधच्या शाळेत शिकवते. मागच्या सोमवारी तिला पोचवायला गेलो, तर शाळेच्या पायरीवर एका गृहस्थांनी विचारलं, आपण कोण? आजवर मी या प्रश्नाला वडिलांचं नाव सांगत आलो...

त्या दिवशी छाती पुढं काढून म्हणालो, "मी मास्तरीणबाईंचा काका."