तिसऱ्या परिच्छेदातलं वाक्य

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आणि जर्मन भाषा या दोन गोष्टी माझ्या मनात आता कायमच्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एप्रिल सरत आला होता. भोपाळवर दुपारची लू वाहू लागली होती. पडदे ओढून घर सकाळी दहालाच मिटवून घ्यावं लागे, आणि त्या हिरवट काळोखात, कूलरच्या घरघरीवर आपला आवाज चढवत, माझी मुलगी रेवा भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत फेऱ्या घालत एक पान पाठ करत असे. खोली सहा पावलांची. वाक्य संपो न संपो, सहाव्या पावलाला तिला वळावंच लागे. मी पलंगावर, उजवा पाय प्लास्टरमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. जिन्यावरून घसरून घोटा मोडला होता, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. सहा आठवडे खाली उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पडद्याच्या फटीतून दिसणारी कडुनिंबाची फांदी, तिच्या पांढुरक्या मोहराचा कडवट-गोड दरवळ आणि बिट्टन मार्केटच्या दिशेने येणारा भाजीवाल्यांचा अस्फुट कोलाहल, एवढंच जग मला उरलं होतं.

रेवा परिचारिका आहे. इथल्याच एका खासगी रुग्णालयात चार वर्षं काम करते. जर्मनीत परिचारिका हव्या आहेत ही बातमी वर्तमानपत्रातून कापून मीच तिच्यासमोर ठेवली होती, आणि जर्मनच्या वर्गाचा अर्जही मीच आणवला होता. ती लेखी परीक्षा पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाली, पण तोंडी परीक्षेत मध्येच थांबली आणि पुढे तिला एक शब्द बोलता आला नाही. म्हणून दुसऱ्या खेपेसाठी तिच्या सरांनी ‘परदेशात काम करणे’ या विषयावर एक तयार पान लिहून दिलं. परीक्षेत काहीही विचारलं तरी तिथे वळवून आणता येईल असं. वर्गातल्या सगळ्या मुलींना तेच पान, फक्त नाव आणि गाव वेगळं. सगळ्यांनाच लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ, सगळ्यांनाच बर्फ आवडतो.

माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, आणि पुढे मीही टी. टी. नगरजवळच्या एका कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी वर्षं मी ‘मिलान’ करत होते. म्हणजे एकीनं मूळ कागद वाचायचा आणि दुसरीनं टंकलेल्या प्रतीवर पेन्सिल फिरवत शब्दाशी शब्द ताडून पाहायचा. मजकूर कसला आहे याच्याशी आम्हाला कर्तव्य नसे. कुणाची बदली, कुणाची बडतर्फी, सगळं कानांतून आणि बोटांतून वाहून जाई आणि मागे फक्त अचूकपणा उरे. तेव्हा रेवाच्या पाठांतराला मी किती आनंदानं हात दिला असेल! जुन्या डायरीत तिच्या उच्चारांप्रमाणे ते पान मी देवनागरीत उतरवून घेतलं, आणि दुपारी ती ड्यूटीवरून आली, हातपाय धुतले, की आमचं मिलान सुरू होई. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी माझी पेन्सिल थबके. “आई, यार, तुला अर्थसुद्धा कळत नाही!” ती म्हणे. मला अर्थाची गरज नव्हती. पानाचा गोषवारा तिनं एकदा सांगितला होता, तेवढा मला पुरे होता.

पण हळूहळू ते पान घरात माणसासारखं वावरू लागलं. पोळ्या लाटताना रेवाच्या ओठांवर पहिला परिच्छेद असे, माझे केस विंचरताना दुसरा. माझ्या पायाखालची उशी सारखी करताना ती तिसऱ्याच्या सुरुवातीला येऊन घुटमळे, पुन्हा मागे जाई. तिचा आवाज सपाट होत गेला. मी काही विचारलं तर ती आधी वाक्य संपवी आणि मग उत्तर देई, आणि ते उत्तरही पाठ केल्यासारखं वाटे. रुग्णालयातल्या गमती सांगणं बंद झालं. बाहेर ऊन, आत ते पान. कधीकधी दुपारी चारच्या सुमारास माझा जीव असा घुसमटे की प्लास्टर पायाला आहे की छातीला, हे कळेनासं होई. तरीही मी म्हणायचे, “चल, पुन्हा पहिल्यापासून.”

कारण मला तिला सोडवायचं होतं. मी स्वतः कधी सुटले नाही, हे तिला मी अनेकदा ऐकवलं होतं. तरुणपणी मला बढतीवर दिल्लीला जायची संधी आली होती. सासूबाईंचं आजारपण होतं, रेवा दोन वर्षांची होती, मी नकार लिहून दिला. त्यानंतर त्याच इमारतीतल्या त्याच खिडकीपाशी बसून समोरच्या पत्र्यावर ऋतू बदलताना पाहिले. पुढे रेवाचे बाबा गेले, सरकारी क्वार्टर सुटलं, आणि आम्ही दोघी या दोन खोल्यांत आलो. “तू माझ्यासारखी अडकू नकोस,” हे वाक्य मी तिच्यापुढे किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. त्यावर ती नेहमी “बरं” म्हणत आली. त्या ‘बरं’चा अर्थ होकार, असंच मी धरून चालले होते.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना एका दुपारी ती जमिनीवर बसून, माझ्याकडे पाठ करून भेंडी चिरत होती आणि पान म्हणत होती. तिसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी माझी पेन्सिल अडखळली.

“थांब. इथे मटर नाहीये.”

“मटर नाही गं. मुटर.”

“तेही नाहीये. इथे ‘इश म्योश्टे’ आहे.”

“मुटर म्हणजे आई,” ती म्हणाली. सुरी चालूच होती. “सर बोलले, थोडं आपल्या मनानं घाला. सगळ्यांचं सेम होतंय.”

“मग मी काय करते त्यात?”

“काही नाही. ग्रामर आहे. दुसरं क्रियापद शेवटी जातं, त्याची प्रॅक्टिस.”

मी तिच्या उच्चाराबरहुकूम ओळ खोडून नवी लिहिली. पण हातून लिहून झाली तरी ती माझ्या आत बसेना. एकतीस वर्षांत अर्थाशिवाय शेकडो पानं मी डोळ्यांखालून घातली होती, आणि आता त्या एका ओळीचा अर्थ मला हवा होता. रेवाचा फोन तिथेच चार्जिंगला लावलेला असे, त्याला विचारलं असतं तर त्यानं क्षणात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती असंच म्हटलं पाहिजे.

तीन दिवसांनी मीच तिला थांबवलं. “कचेरीत मूळ मजकूर बदलला तर बाजूला कुणाची तरी सही लागायची,” मी हसत म्हणायचा प्रयत्न केला, “इथे कुणाची आहे?”

ती हसली नाही. पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि माझ्या प्लास्टरच्या कडेचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळू लागली.

“आधी होतं, ‘मला जर्मनीला जायचं आहे, कारण...’ आता आहे, ‘माझ्या आईला वाटतं की मी जावं.’ बस. एवढाच फरक.”

बोटाला गुंडाळलेला धागा तिनं सोडून दिला.

“मागच्या वेळी मी तिथेच अडकले होते, आई. भाषा येत नव्हती म्हणून नाही. हे पान नव्हतं, पण ‘मला जायचं आहे’ तेव्हाही म्हणायचंच होतं. त्या वाक्यापाशी आले आणि तोंडच उघडेना. घरी म्हणतानाही तिथेच गाडी अटकते, तू ऐकतेस ना रोज? हे नवं वाक्य मात्र अडत नाही. कारण ते खरं आहे.”

“म्हणजे तुला जायचं नाहीये?”

“माहीत नाही. मला कुणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं स्वतःला.”

मला एकदम ओझं फेकून द्यावंसं वाटलं, तिचं की माझं कोण जाणे. “मग राहू दे,” मी म्हणाले, “नको देऊस परीक्षा.”

तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, फक्त फार दमलेपण होतं. “आता हे पण तूच ठरवणार?”

ती उठून गॅलरीत गेली. मला तिच्यामागे जाता येत नव्हतं. इथून काही बोलले असते तरी ते तिच्यावर आणखी एक पान लादण्यासारखंच झालं असतं.

पुढचे नऊ दिवस पाठांतर चुकलं नाही. ती म्हणत राहिली, मी ताडून पाहत राहिले. दर दुपारी ‘मुटर’ या शब्दाशी माझी पेन्सिल पोचे आणि त्याच्या माथ्यावर मला बरोबरची खूण करावी लागे.

परीक्षेसाठी ती एकटी रेल्वेनं पुण्याला गेली. शेजारच्या ताई जेवणाचा डबा देऊन जात. घर कधी नव्हे इतकं शांत होतं आणि त्या शांततेत ते अख्खं पान माझ्या डोक्यात आपणहून चालू होई. संध्याकाळी तिचा फोन आला.

“झालं. पूर्ण बोलले, कुठेच थांबले नाही. मग परीक्षक बाई होत्या ना, वयस्कर, त्यांनी विचारलं: हे तुमच्या आईचं झालं. तुम्हाला काय वाटतं?”

“मग?”

“मग काय. पानात नव्हतं ते. बोलले आपल्या मनानं पाच-सहा वाक्यं. ग्रामर सगळी चुकली असेल.”

“काय म्हणालीस?”

पलीकडे स्टेशनवरचा गलका होता. “तिकडेच राहिलं बघ,” ती म्हणाली. ते तिला आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

निकाल आला तोवर प्लास्टर निघालं होतं आणि कडुनिंबाला हिरव्या लिंबोळ्या धरल्या होत्या. रेवा उत्तीर्ण झाली होती. मोबाइल माझ्यासमोर धरून तिनं गुण दाखवले आणि म्हणाली, “महिनाभरात कळवायचंय, जाणार की नाही ते.” सगळी सवयीची वाक्यं एकाच वेळी माझ्या जिभेवर आली. जा, असं सांगणारी होती, आणि राहा, असं सांगणारीही. मी त्यांतलं एकही उच्चारलं नाही. “हो का,” एवढंच म्हणाले. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, जणू पुढचं काही यायचं राहिलं आहे.

“चहा टाकते,” ती अखेर म्हणाली.

“मी टाकते,” म्हणून मी उठले. पायात अजून जोर नव्हता. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल चाचपत मी ओट्यापर्यंत गेले. ती मागे उभी होती, तिचा हात अर्धवट पुढे आलेला मला जाणवला आणि मग तो परत गेला. गॅस पेटवून मी वळून पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती जाईल की राहील, मला माहीत नव्हतं. पाणी उकळेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. आमच्यामध्ये थोडी जागा होती आणि ती भरून काढायची घाई, निदान त्या घटकेला, दोघींपैकी कुणालाच नव्हती.