पन्नास मिनिटांचा फरक

बेलापूरच्या त्या सरकारी कार्यालयात, कामगार भरपाईची सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक पंचनामा: कारखान्याच्या संगणकातली हार्ड डिस्क माझ्या ताब्यात दिली, दुपारी बारा दहा. दुसरा संगणक-तपासनीस म्हणून मी दिलेला अहवाल: डिस्कची कॉपी सुरू, त्याच दिवशी सकाळी अकरा पंचवीस.

"डिस्क हातात यायच्या आधीच मॅडमनी कॉपी काढायला घेतली होती, साहेब," कारखान्याचे वकील शांतपणे म्हणाले. "मग या कॉपीवर विश्वास कसा ठेवायचा?"

अहवाल मी चार वेळा वाचला होता. वेळ मात्र पंचनाम्याशी ताडून पाहिली नव्हती.

समोरच्या बाकावर तो कामगार बसला होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. जवळच्याच पावणे गावातल्या कारखान्यात प्रेस मशीनखाली त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. मालक म्हणत होता, सुरक्षेची जाळी यानेच काढून ठेवली. पण मी काढलेल्या कॉपीत फोरमनने अपघाताच्या आधी मालकाला पाठवलेली मेल सापडली होती: जाळीचा सेन्सर चालत नाही, मशीन बंद ठेवू या. कॉपी खोटी ठरली असती, तर ती मेलही गेली असती.

कामगाराचे वकील माझ्याकडे झुकले. "टायपिंग मिस्टेक म्हणा आणि मोकळ्या व्हा," ते पुटपुटले.

क्षणभर मला ते सोपं वाटलं. पण ती वेळ मी टाइप केलीच नव्हती, यंत्रानेच छापली होती. मी उभी राहिले. "साहेब, चूक कुठे झाली ते मला आत्ता माहीत नाही. डिस्कची कॉपी काढणारं यंत्र मी सोबत आणलंय. त्यात प्रत्येक हालचालीची नोंद राहते आणि ती आम्हाला पुसता येत नाही. सगळ्यांसमोर उघडून बघते."

"आणि त्यात हीच वेळ निघाली तर?" साहेबांनी विचारलं.

"तर तसंच लिहून घ्या."

यंत्र सुरू व्हायला मिनिटभर लागलं. कारखान्याचे वकील माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. अहवालात फक्त त्या एका कामाच्या नोंदी होत्या. मी यंत्राची पूर्ण यादी उघडली. सगळ्यात नवीन नोंद वर. मी बटण दाबत खाली खाली जात राहिले. यंत्र चालू, यंत्र बंद, दुसऱ्या एका केसची डिस्क. मग ती तारीख आली. डिस्क जोडली, अकरा बावीस. कॉपी सुरू, अकरा पंचवीस.

"झालं समाधान?" वकील म्हणाले.

यादीतून वर येताना लगेच दुसऱ्या दिवशी सकाळची एक ओळ दिसली. मघाशी घाईत ती माझ्या नजरेतून सुटली होती: घड्याळ बदललं. जुनी वेळ नऊ वीस, नवी वेळ दहा दहा.

"पन्नास मिनिटं," मी म्हणाले. "यंत्राचं घड्याळ पन्नास मिनिटं मागे होतं, साहेब. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणीतरी ते बरोबर लावलं. म्हणजे कॉपी खरी सव्वाबाराला सुरू झाली."

साहेबांनी चष्मा चढवून ती ओळ स्वतः वाचली. तिथूनच त्यांनी आमच्या ऑफिसात, माझ्या वरिष्ठ सरांना फोन लावला. घड्याळ मागे दिसलं म्हणून आपणच लावलं, सर म्हणाले. मला ते सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

"काम सुरू करण्याआधी यंत्राची वेळ तपासायची असते ना?" साहेबांनी मला विचारलं.

"हो. मी तपासली नाही."

तेही लिहून घेतलं गेलं. कॉपी ग्राह्य धरली, पण माझा निष्काळजीपणा माझ्या नावासह कागदावर आला. मी खाली सही केली.

बाहेर जिन्यापाशी तो कामगार थांबला होता. "पोरी, मंग आता माझं खरं हाय असं लिवतीन ना?"

"मेल खरी आहे, एवढं आज लिहिलंय, काका. निकाल अजून बाकी आहे."

त्याने मान हलवली, डाव्या हाताने कठडा धरला आणि सावकाश जिना उतरू लागला.