दुसऱ्या गल्लीचं पाणी

लोखंडी चावीचं एक टोक तो पाण्याच्या वॉलवर टेकवायचा आणि दुसरं कानाला लावायचा. डोळे मिटायचा. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया आपोआप गप्प व्हायच्या. मग तो उठायचा, गुडघ्याची माती झटकायचा आणि म्हणायचा, "कुनीतरी ओढायलंय."

ओढणं म्हणजे नळाला मोटार लावून पाणी खेचणं. एकाने मोटार लावली की पुढच्या घरांचे नळ फुसफुसतात. कुठल्या घरी मोटार चालू आहे, हे त्याला जमिनीखालच्या पाइपाच्या आवाजावरून कळायचं. ग्रामपंचायतीने त्याला पाणी सोडायला ठेवलं होतं. चार गल्ल्यांना चार दिवसांनी एकदा पाणी. तुम्ही खेड्यात राहिला असाल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कानाने पाणी ऐकणारा मी मात्र दुसरा पाहिला नाही.

माझं फाट्यावर पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. आईबाप ऊस तोडायला जायचे. मी दुसऱ्याच्या दुकानात पाइप उचलले, मग सायकलवर फिरून वायसर विकले, मग दुकान टाकलं. मोठे व्यापारी माझ्याशी भाव करताना आधी चहा मागवतात, कारण वेळ लागणार हे त्यांना माहीत असतं. या एका माणसाशी मात्र माझा सौदा कधीच जमला नाही. तो सौद्याला बसायचाच नाही.

एकदा भर सकाळी तो आमच्या गल्लीतून सरळ माझ्या दारात आला. मागे सात-आठ बाया.

"दादा, मोटार बंद करा."

"कुनाची मोटार?"

"तुमची. आवाज बारीक हाय. नवी हाय."

"नव्या मोटारी गावात धा घरी हायत!"

"व्हय, तुमच्याच दुकानातल्या. पन बाकीच्याइनं मला बगून बंद केल्या."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माझी बायकोही हसली, तेही मी पाहिलं. मोटार बंद केली आणि दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडत बसलो.

मी त्याला वॉलपाशी गाठून म्हणायचो, "पाच मिन्टं वाढव आमच्या गल्लीला."

"पाच कशाला, धा घ्या की. फक्त कुनाची घ्यायची तेवडं सांगा."

मी दुकानाची वाट धरायचो.

आता त्याने घालून दिलेली एक पद्धत सांगतो, कारण माझं सगळं तिथंच अडलं. लग्न, बारसं किंवा मयत असलं की घराला जास्त पाणी लागतं. ते तो आपल्या मनाने देत नसे. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या घरच्या माणसाने दुसऱ्या गल्लीत जायचं आणि तिथल्या बायांना विचारायचं. त्या हो म्हणाल्या की त्यांच्या वेळेतली तेवढी मिनिटं तो या गल्लीकडे वळवायचा. पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढी परत करायची. कुठे लिहिलेलं नव्हतं. वॉल फिरवताना तो मोठ्याने म्हणायचा, "हे विहिरीकडच्या गल्लीचं पानी हाय, सांडू नका." आणि खरंच, त्या दिवशी कुणी पाणी सांडत नसे. भांडखोर बायासुद्धा बादलीखाली पातेलं ठेवायच्या.

आमच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा मी त्याला म्हणालो, "परवा आमच्या गल्लीला दोन तास सोड."

"कुनाला इचारलं?"

"तुला इचारायलोय की."

"माझं पानी कुटं हाय, दादा? विहिरीकडच्यांनी मागल्या आठवड्यात दिलं. मारुतीपुढच्या गल्लीत बारसं हाय. ऱ्हायली वरची गल्ली. जाऊन या. पाच मिन्टाचं काम."

वरची गल्ली म्हणजे चढावरची, विहाराच्या मागची. मी तिथलाच. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा माझी मावशी मला सांभाळायची. चार हंगाम मी तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. पुढे फाट्याच्या गल्लीत घर बांधलं आणि वरची बापाची जागा विकली. मावशी म्हणाली होती, "इकू नको, मपल्या दारातली वाट जाईल." भाव चांगला आला होता, मी विकली. घेणाऱ्याने भिंत घातली आणि मावशीच्या दारातून बैलगाडी जायची, तिथे जेमतेम सायकल जायला लागली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. मग मीही बोलत नव्हतो.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही.

"मी वर जानार न्हाई," मी म्हणालो.

"तुमची मर्जी."

"मी मेंबर हाय पंचायतीचा."

"मग काय, मेंबरला चढ चढता येत न्हाई का?"

मी टँकर मागवले. त्या पाण्याला डिझेलचा वास होता. नवऱ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ पेला नाकाशी नेत आणि खाली ठेवत, हे मी तीनदा पाहिलं. लग्न चांगलं झालं. लोक जेवणाची तारीफ अजून करतात. मला तेवढा पेला आठवतो.

त्यानंतर काही महिन्यांनी पंचायतीच्या मासिक सभेत विषय आला. पाणी सोडायला कायमचा माणूस नेमायचा होता. इतकी वर्षं तो हंगामीच होता आणि हे काम हातचं गेलं तर त्याला दुसरं काही नव्हतं. शेत नाही, जोडधंदा नाही. समोर दुसरं नाव होतं सरपंचबाईंच्या पुतण्याचं. फिटरचं शिकलेला, सरळ माणूस, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ग्रामसेवकाने दोन्ही नावं वाचली. चार हात इकडे, चार तिकडे. राहिलो मी.

तो दाराशी उभा होता. पंचायतीत तो कधी खुर्चीवर बसत नसे. माझ्याकडे पाहतही नव्हता, आणि मला त्याचाच राग आला. आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाला असता, दादा, सांभाळून घ्या, तर मी घेतलं असतं. शपथेवर सांगतो, घेतलं असतं. पण माणसाने काहीतरी मागावं तरी!

मी उठून म्हणालो, "गावाला घड्याळावर पाणी सोडणारा माणूस पाहिजे. मर्जीवर सोडणारा नको." आणि पुतण्याच्या बाजूने हात वर केला.

त्याने चावी टेबलावर ठेवली. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो पुतण्याला म्हणाला, "वरच्या गल्लीचा वॉल उलटा फिरतोय. आटे घासलेत. जोर लावू नको, हळू घे." मग चपला घातल्या आणि गेला.

पुतण्याने काम चोख केलं. संगणकावर तक्ता काढून पंचायतीच्या भिंतीला लावला. प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटं. मोबाइलवर गजर वाजला की वॉल बंद. आमच्या गल्लीला पूर्वीपेक्षा जास्त पाणी यायला लागलं. वरच्या गल्लीला पूर्वी तासभर मिळायचं, कारण चढावर पाणी पोचायलाच वेळ जातो. तिथल्या बाया पंचायतीत आल्या. मी तक्ता दाखवला. "सगळ्याला सारखं हाय," म्हणालो. त्या तक्त्याकडे बघून गेल्या. मावशी त्यांच्यात नव्हती. तिच्याने चालवत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

थंडी संपता संपता मावशी गेली.

निरोप आला तेव्हा मी वर गेलो. किती वर्षांनी ते सांगत नाही.  मला बसायला पोतं दिलं.

मावशीच्या पुण्यानुमोदनाला बाहेरगावचे पाहुणे येणार होते. बोरीकडचे, गंगाखेडकडचे. वरच्या गल्लीची पाळी होऊन गेली होती. आमच्या गल्लीची पाळी नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी होती. माझी बायको दारोदार फिरली आणि अर्ध्या तासात येऊन म्हणाली, "आपल्या गल्लीतल्या समद्या बाया हो म्हनल्या. अर्धी येळ वर द्या म्हनल्या. जा, सांगा त्याला."

मी पुतण्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं.

"दादा, तसं कसं करता येईल? ठरावात बसत न्हाई."

"आरं, आमचंच पानी आमी देयलोय!"

"बरोबर हाय. पन आज तुमाला वळवून दिलं की उद्या समदे येतील. चाळीस म्हंजे चाळीस. तुमीच मांडलं होतं की."

तो उद्धटपणे बोलला नाही, म्हणून मला त्याला शिवीही देता आली नाही. सरपंचबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढच्या मासिक सभेत विषय घेऊ.

मग मी टँकर मागवला. तो चढ चढला आणि मी विकलेल्या जागेच्या भिंतीपाशी अडकला. ड्रायव्हर खाली उतरला, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पुढं न्हाई जात, शेट." तिथून मावशीच्या दारापर्यंत बायांनी हंडे वाहिले. आमच्या गल्लीतल्याही आल्या होत्या. माझी बायको दोन घागरी घेऊन माझ्या बाजूने तशीच पुढे गेली. मीही कॅन उचलले. पाइप उचललेला माणूस आहे मी, ओझ्याचं काही नाही. पण त्या वाटेवर दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. त्या दिवशी मी बराच वेळ भिंतीला पाठ लावून उभा होतो.

चावी ठेवून गेलेला तो आता सेलूला कापसाच्या एका जिनिंगच्या गेटवर बसतो असं कळलं. आठवडाभराने गाडी काढून गेलो. जाताना वाटेत सगळं ठरवलं होतं. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, शेवटी काय द्यायचं. सौद्याला जाताना मी नेहमी असंच ठरवतो.

खुर्चीवर बसला होता. मला बघून उठला.

"या दादा, जय भीम. चा सांगतो."

चहा आला. तो म्हणाला, "मावशी गेली म्हनं."

"गेली."

"लय चांगली बाई."  मग म्हणाला, "तुमच्या लेकीच्या लग्नाला तिनं पानी देलं होतं. तुमाला म्हाईत न्हाई."

"काय देलं होतं?"

"मी तुमाला वर जा म्हनलो त्याच्या आदल्या दिशी तिच्याकडं गेलतो. तिनं समद्या बायाला बोलवून घेतलं. म्हनली, आपल्या पोरीचं लगीन हाय, आपली समदी पाळी देऊन टाका. मग मला म्हनली, त्याला सांगू नको. येऊ दे त्याला."

पेला माझ्या हातात होता तो मी खाली ठेवला.

"मग? तू का सांगितलं न्हाईस?"

"ती नको म्हनली."

"ती म्हनली म्हनून? आरं, एक शब्द! एक शब्द बोलला असतास तर..." मी ओरडत होतो. कापसाच्या गाड्यांवरचे लोक वळून बघायला लागले. "माझ्या दारात बायाचा मोर्चा घेऊन येता येतं तुला, आन हे सांगता येत न्हाई?"

"मोटार मला ऐकू आली, ती मी सांगितली," तो म्हणाला. "पानी तिचं होतं, दादा. बोलनं बी तिचंच."

लग्नाच्या दिवशी मावशी दिवसभर दारात बसून होती, हेही त्याने सांगितलं. नवं लुगडं नेसून. संध्याकाळी तिने त्याला म्हटलं, सोड आमच्या गल्लीला, वाया नको जायला.

माझी तक्रार आजही आहे आणि ती मी सोडणार नाही. त्याने सांगायला हवं होतं. नियम, रीत, दिलेला शब्द, सगळं मला समजतं, पण चढावरून खाली येऊन एक वाक्य बोलायला काय लागतं? मी त्याला हे तिथेच सुनावलं. त्याने ऐकलं. "तुमचं बी खरं हाय," म्हणाला. समोरच्याने असं कबूल केलं की माझा राग संपतो, असा माझा अनुभव होता. त्या दिवशी संपला नाही.

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते काढलं. "परत ये. ठराव मी मांडतो. मेंबर माझ्या हातात हायत. पुतन्याला दुसरं काम लावू. तुला काय पायजे ते बोल."

"मला इथं बरं हाय."

"बोल तर. पगार वाढवून घेऊ. आन ती रीत बी ठरावात लिहून घेऊ, बायाला इचारायची."

तो हसला. "ठरावात लिहिली की मंग बायाला कोन इचारील, दादा?"

"बरं, नको लिहू. तू नुस्ता ये."

"तुमी आनला तर मी तुमचा मानूस झालो. मंग गाव माझं कशाला ऐकंल?"

"ऐकंल. मी सांगतो त्याइला."

"बगा," तो म्हणाला. "तुमी सांगनार, मंग ऐकनार."

मी पुढचं बोलायला तोंड उघडलं. वाटेत ठरवलेलं अजून बरंच शिल्लक होतं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. कापसाच्या तीन-चार गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि माझी गाडी बरोबर गेटासमोर आडवी होती.

तो खुर्चीवरून उठला. "गाडी तेवडी मागं घ्या, दादा. लोकं खोळंबलेत."

मी गाडी मागे घेतली. त्याने गेटाची दोन्ही दारं ओढून उघडली आणि एकेक गाडी आत घेतली. शेवटची आत गेल्यावर त्याने माझ्याकडे बघून हात वर केला आणि गेट आतून लावून घेतलं.